धुरावाचून अग्नी

ज्याच्या स्मरणाने विघ्ने वाट सोडतात त्या गजाननाला, वाणीची अधिष्ठात्री शारदेला, अमृतकलश हाती घेऊन व्याधींच्या मुळाशी पाहणाऱ्या धन्वंतरीला आणि तळ्याच्या मध्यभागी शांत विराजलेल्या आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवताला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचे. शांतीच्या दिवशी जमलेल्या आप्तांनी आग्रह धरला की आयुष्यात जे शिकलात त्यातले काही लिहून द्या. मनात उपनिषदांतील काही वचनांचे विवरण योजले होते. आमच्या सौभाग्यवतींनी ते ऐकले आणि निवडायचे तांदूळ बाजूला सारले.

“ते सगळ्यांना पाठ आहे. ते रक्ताचं लिहा की. लई लोकांच्या उपयोगाचं आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचं आपण पुष्कळ ऐकलं. आता थोडं त्यांना ऐकू द्या. फक्त नावं घालू नका कुणाची.”

त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानली आहे. म्हणून या लेखात कोणाचेही नाव नाही, आणि जे आहे त्याला त्यांची संमती आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पोथीतील अक्षरे एकमेकांत मिसळू लागली. संकष्टीला गच्चीवर गेलो तर आकाशात एकाच्या जागी दोन चंद्र. हे घरात सांगताच सौभाग्यवती म्हणाल्या, “बरंच आहे, दोन-दोन दिसले तर सहस्र लवकर भरतील.” मुलाने मात्र विनोद बाजूला ठेवून मला एका नेत्रचिकित्सकांकडे नेले. शस्त्रक्रिया ठरली. तत्पूर्वी रक्त घेण्यात आले. कशासाठी, हे मी विचारले नाही. साखर पाहत असतील असे मानले. चिकित्सकांपुढे दंड पुढे करावा आणि मनात नामस्मरण करावे, एवढेच मला ठाऊक होते.

चार-पाच दिवसांनी त्या रुग्णालयातून दूरध्वनी आला. मुलगा तो घेऊन अंगणात गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी विचारले, “काय म्हणतात?” तो म्हणाला, “काही नाही, तारीख पुढे ढकलली.” तारीख पुढे जाण्याने कोणाचा चेहरा असा होत नाही. माझ्या मनात संशयाने प्रवेश केला तो त्या क्षणी.

संशयाचे एक वैशिष्ट्य मी नंतर अनुभवले. तो एकदा घरात आला की प्रत्येक वस्तू त्याच्या बाजूने साक्ष देऊ लागते. दुसऱ्या दिवशी माझा पेला वेगळा ठेवलेला दिसला. तसा माझा पेला आयुष्यभर वेगळाच होता. मी सोवळ्याचा मनुष्य. माझे पात्र कोणी हाताळू नये असा माझाच नियम होता. परंतु पूर्वी तो पेला देवघराशेजारच्या फडताळात असे, आता मोरीच्या कट्ट्यावर होता. जागा बदलली की वेगळेपणाचा अर्थ बदलतो. माझा पंचा दोरीच्या अगदी टोकाला वाळत होता आणि त्याच्या शेजारी कोणाचेही वस्त्र नव्हते.

आमच्या घरी सकाळच्या पूजेनंतर मी पळीने प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ देतो. सूनबाई कधी चुकत नसत. त्या दिवशी त्यांनी दारातूनच सांगितले, “बाबा, माझी अजून आंघोळ व्हायची आहे.” त्यांचे केस ओले होते आणि खांद्यावरच्या टॉवेलवर पाणी टपटप गळत होते. दुसऱ्या दिवशीही आंघोळ व्हायचीच होती. तो नळाला पाणी येण्याचा दिवस होता आणि पहाटेच उठून, स्नान उरकून घरातील सर्व पिंपे भरताना सूनबाईंना मी पाहिले होते. तिसऱ्या दिवशी मुलगाही पूजेच्या वेळी घरात नव्हता. मी एकटाच देवापुढे बसलो. मला असाध्य काही झाले आहे आणि घरचे ते मला सांगत नाहीत, अशी माझी खात्री झाली. मरणाचे भय फारसे वाटले नाही. पण मरण माझे आणि बातमी इतरांजवळ, हे मला अन्यायाचे वाटले.

मार्ग सौभाग्यवतींनी काढला. त्यांचे माहेर वैरागचे. त्या घरातली माणसे देवाला लोटांगण घालतात, पण माणसाला थेट विचारतात. दुपारच्या जेवणाला सर्वजण बसले असता त्यांनी मुलाच्या ताटात भाकरी वाढली आणि हात तसाच ठेवला.

“बापाला काय झालंय ते बापाला सांगायला तुला कुणाची परवानगी पाहिजे रे?”

मुलगा ताटाकडे पाहत म्हणाला, “आई, तसं काही मोठं नाही. रक्तात काविळीचा एक प्रकार निघाला. बी म्हणतात त्याला.”

“कावीळ? डोळे तर पिवळे नाहीत की यांचे.”

“दिसत नाही ती. आतच असते. ती... बाहेरून येते.”

“बाहेरून म्हणजे?” मी विचारले.

मुलाने पुन्हा ताटाकडे पाहिले. सूनबाईंनी आमटीची वाटी उगीच सरकवली. मी दुखावलेल्या स्वरात म्हणालो, “अरे, मी जन्मात कधी बाहेरचे पाणीसुद्धा प्यालो नाही!”

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलाला ठसका लागला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे, मग मुलाकडे, मग सुनेकडे पाहिले. आमच्या भाषेत ‘बाहेरून’ या शब्दाला किती दारे आहेत याचा विचार मी तोवर केला नव्हता. मी पाण्याच्या दारातून आत गेलो होतो. सौभाग्यवती क्षणभर भूतबाधेच्या दारात थबकल्या असाव्यात. पण त्यांची चाल माझ्याहून जलद. त्या तिसऱ्या दाराशी पोहोचल्या आणि त्यांचा हात भाकरीवरून निघाला.

“म्हणजे बाईकडून?” त्या म्हणाल्या.

मुलाने पुटपुटत सांगितले की सुया, रक्त, आणि... तसेही. त्या ‘तसेही’नंतर कोणी जेवले नाही.

त्या दिवसापासून माझ्या मरणाची चिंता गौण झाली. प्रश्न एवढाच उरला की पन्नासाहून अधिक वर्षे जी स्त्री माझ्या उजव्या बाजूस बसून पूजेला हात लावीत आली, ती आता माझ्याविषयी काय मानते. चहा वेळेवर मिळे. पण चहा ठेवताना त्या पूर्वी “घ्या” म्हणत, ते म्हणेनाशा झाल्या. मी शाळेत संस्कृत आणि त्यासोबत तर्कशास्त्र शिकविले. विवाहापूर्वी आणि नंतरही अनुष्ठानांसाठी गावोगाव राहिलो. मी निर्दोष होतो आणि ते मला ठाऊक होते. पण स्वतःला ठाऊक असणे हे दुसऱ्यासाठी प्रमाण होत नाही. साक्षीला कोणाला बोलावू? ज्या ज्या गावी राहिलो तेथील यजमान केव्हाच दिवंगत झाले.

मग मी तेच केले जे संशयग्रस्त मनुष्य करतो. दुसऱ्यावर संशय घेतला. प्रथम प्रयोगशाळेवर. रक्त घेतले त्या दिवशी माझ्या शेजारी धोतर नेसलेले आणखी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. नळ्यांची अदलाबदल झाली असावी. मग रुग्णालयावर. खर्च वाढविण्यासाठी हे निरोगी माणसाला रोगी ठरवितात. मी मुलाला म्हटले, “मला त्या चिकित्सकांसमोर ने. आणि तुझ्या आईलाही बरोबर घे. जे व्हावयाचे ते तिच्या देखत होवो.”

नेत्रचिकित्सक तरुण होते. मला गुरुजी म्हणत. त्यांनी आधी क्षमा मागितली, की हे मला सोडून मुलाला कळविण्यात आले ते चुकले. ती नम्रता मला तेव्हा कावा वाटली. मी म्हटले, “माझ्या अंगात ज्वर नाही, अरुची नाही, डोळे पिवळे नाहीत, उदरात वेदना नाही. एकही लक्षण नाही. लक्षण नसता व्याधी आहे असे आपण कोणत्या आधाराने म्हणता?”

“लक्षण नाही म्हणूनच तपासावं लागतं, गुरुजी. लक्षण असतं तर माणूस स्वतःच येतो.”

“आणि माझीच का तपासणी केलीत? माझ्या आचरणाविषयी काही शंका?”

ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. म्हणाले, “टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाची करतो. एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी. काल एका ब्रह्मचारी महाराजांची केली, परवा एका शाळामास्तरीणबाईंची. बघा ना, मी संशय घेऊन तपासत असतो तर तुम्हाला पहिल्यांदा सोडलं असतं. कपाळावर गंध, गळ्यात तुळशी. तुमच्यावर कोण संशय घेणार? आणि मग हे सापडलंच नसतं.”

तर्कशास्त्र शिकविताना मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की जेथे धूर तेथे अग्नी हे खरे, परंतु जेथे अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे हे खरे नव्हे. त्याला दृष्टान्त तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा. त्यातून धुराची रेषही निघत नाही, आणि हात लावणाऱ्याला तो भाजल्यावाचून राहत नाही. हा दृष्टान्त न येणाऱ्या मुलांना मी बाकावर उभे केले आहे. आता माझेच शरीर तो गोळा होऊन बसले होते आणि मी धूर दाखवा म्हणत होतो.

तरीही मी दुसऱ्यांदा रक्त द्यावयास सांगितले, आणि या वेळी नळीवर माझे नाव लिहिले जाईपर्यंत उभा राहिलो. उत्तर तेच आले.

चिकित्सकांनी समजावून सांगितले की हा विषाणू रक्तातून, सुईतून, प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे आणि पतिपत्नींमध्ये जातो. स्पर्शाने, अन्नाने, एका पेल्याने जात नाही. आमच्याबरोबर आलेल्या सूनबाई त्या वेळी खोलीच्या दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीर्थासाठी त्यांचा तळहात सर्वांच्या आधी पुढे आला आणि त्यांचे डोळे खाली होते. मी पळीभर अधिक दिले. तो विषय आमच्यात तेथे संपला.

परंतु चिकित्सकांचे दुसरे वाक्य मागे उरले होते. “आईंचीही तपासणी करायला हवी. त्यांनाही काही होत नसेल, तरी. आणि दोघांची सगळीच करून घ्या, उपदंशाचीही. सरकारी दवाखान्यात एकाच ठिकाणी होते.” उपदंश म्हणजे जिला आमच्याकडे गरमी म्हणतात ती. हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. सौभाग्यवतींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, “करू की. आता राहिलंय काय?”

आता जे पणाला लागले होते ते त्यांचे यकृत आणि आमचा संसार. त्यांच्या रक्तात काही निघाले, तर मी ते त्यांना दिले असे ठरणार. मी कोठून आणले, हे मग प्रत्येक श्वासागणिक विचारले जाणार, त्यांनी तोंडाने विचारले नाही तरी.

सरकारी दवाखान्यातील त्या केंद्राबाहेर बाकावर गर्दी होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. तेथे मनुष्य स्वतः कशासाठी आला आहे हे लपवितो आणि शेजारचा कशासाठी आला असावा याचा तर्क करतो. मीही केला. समोरच्या भिंतीला टेकलेल्या मुलीला मी काहीतरी ठरवून टाकले होते. मग तिच्या आईने तिला फाइल दिली आणि कळले की ती परिचारिकेच्या शिक्षणासाठी लागणारी तपासणी करावयास आली होती. माझ्या शेजारी कुंभारी गावाकडचा एक टेम्पोचालक बसला होता, मुसलमान, चाळिशीच्या आतला. माझे गंध पाहून तो थोडा सरकून बसला, आणि मग स्वतःच बोलू लागला.

“चाचा, आत मॅडम सगळं विचारतात बरं का. लाजू नका. मला म्हणल्या, बाहेर काही? मी म्हणलं, मॅडम, क्लच दाबून दाबून गुडघा गेला, बाहेर जायला पाय कुठं हाय?”

पलीकडच्या दोघी हसल्या. मलाही हसू आले, आणि हसल्याबद्दल मी मनात देवाची क्षमा मागितली. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “बायकोला सातवा चाललाय. तिच्या रक्तात गरमीचं काहीतरी दाखवलं. तिला काय पन त्रास न्हाय. मला पन न्हाय. पन पोराला होतं म्हणे पोटात. म्हणून इंजेक्शन घ्यायचं दोघांनी.” त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता ती माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. लई वाईट असतं, चाचा, बघणं.”

मी त्याला म्हणालो, “बाळ सुखरूप होईल.” त्याचे नाव पुकारले गेले आणि तो आत गेला. पुन्हा दिसला नाही.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी मला एकट्याला आत घेतले. त्या माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. कागदाकडे पाहत, आवाजात कोणताही चढउतार न आणता, त्यांनी विचारले. पत्नीवाचून अन्य कोणाशी संबंध? कधी रक्त घेतले? कधी सुया? कधी दाढीचा वस्तरा दुसऱ्याचा? पहिल्या प्रश्नाला मी “नाही” म्हटले तेव्हा माझा आवाज अनावश्यक मोठा निघाला. त्या म्हणाल्या, “सगळ्यांनाच विचारते, आजोबा.” शेवटच्या प्रश्नाला मी थांबलो.

मंद्रूपच्या पलीकडे, भीमेच्या काठी, आमच्या गुरूंची पाठशाळा होती. आठव्या वर्षी मी तेथे गेलो. ठरलेल्या तिथीला सर्व बटूंचे वपन होई. कानडी मुलखातून एक नापित येत. आम्ही ओळीने उकिडवे बसत असू. ते प्रत्येकाच्या टाळूवर पाणी चोळून म्हणत, “तले बग्गिसु, अप्पा”, म्हणजे मान खाली घाल, बाळा. शेंडी सोडून डोके साफ होई. वस्तरा एकच. एकाचे झाले की ते तो चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा फिरवीत आणि पुढच्याचे सुरू. मुले हलत, कापले जाई, तुरटी फिरे. क्षौर झाल्यावर आम्हांला कोणालाही, कशालाही शिवण्याची मनाई असे. नदीत पूर्ण स्नान, वस्त्र भिजविणे, मग आचमन, मगच पाठ. एकमेकांच्या पेल्यातील पाणी आम्ही चुकूनही प्यालो नसतो. माझ्या अंगावर शेजारच्या मुलाच्या ओल्या धोतराचा शिंतोडा उडाला तर मी पुन्हा बुडी मारीत असे. त्या नापिताच्या स्पर्शाचे आम्ही शुद्धीकरण केले. आमचे रक्त आम्ही एका पात्यावर एकमेकांना देत राहिलो आणि त्याचा विचार कोणाही विद्वानाच्या मनात आला नाही. सोवळ्याची एवढी उंच भिंत आम्ही बांधली होती, आणि दार तिच्या आत होते.

“असू शकतं,” बाई म्हणाल्या. “लहानपणी शिरलं तर पुष्कळदा अंगात मुरून राहतं. पण खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही.”

मला खात्री हवी होती. ‘असू शकते’ घेऊन मी बाहेर आलो आणि सौभाग्यवती आत गेल्या.

त्यांना वेळ लागला. माझ्याहून फार अधिक. माझ्यानंतर आलेल्यांचे रक्त देऊन झाले, बाक रिकामा होऊन पुन्हा भरला, दार उघडेना. आधी मला वाटले त्यांना ऐकू कमी येते म्हणून. मग वाटले, प्रश्न तर तेच आहेत. “नाही” म्हणावयास कितीसा वेळ लागतो? आणि मग, ज्याचे मला आजही आश्चर्य वाटते, मनाने पुढचे पाऊल टाकले. मी गावोगाव जात असे तेव्हा घरी त्या एकट्याच असत. हा विचार पुरा होण्याआधीच मी नाम घेऊ लागलो, पण तो आलेला होता. संशयाला पात्र बदलावयास क्षणही लागत नाही. जे माझ्याविषयी मानले जाऊ नये म्हणून मी तळमळत होतो, ते मी दुसऱ्याविषयी बाकावर बसल्या बसल्या मानून पाहिले.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. रिक्षात बसल्यावर मी विचारले, “काय विचारले?”

“तुम्हाला विचारलं तेच.”

“मग तू काय सांगितलेस?”

“ते तिथंच राहतं म्हणाल्या त्या बाई. बाहेर कुणाला कळत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.” त्यांनी बाहेर पाहिले. “मला लई आवडलं ते.”

घरी आल्यावर त्यांनी आपण होऊन आपला उजवा दंड मला दाखविला. त्यावर हिरवट तुळशीवृंदावन गोंदलेले आहे. विवाहापासून ते पाहत आलो आहे, पण पाहिले नव्हते. “वैरागच्या जत्रेत गोंदवलं. आम्ही सगळ्या मैत्रिणी रांगेत. गोंदणारीची सुई एकच. रक्त आलं की ती जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पुसायची. तीच चिंधी सगळ्यांना.” मग क्षणभराने, “पहिल्या खेपेच्या आधी मला कावीळ झाली होती. तुम्ही तेव्हा अनुष्ठानाला होता. सासूबाईंनी गळ्यात काविळीची माळ घातली, मी बरी झाले. तुम्ही आलात तेव्हा माळ काढून टाकली होती. कोण सांगत बसणार?”

म्हणजे तो वस्तरा असेल, किंवा ती सुई. मी त्यांना दिले असेल, किंवा त्यांनी मला. किंवा आणखी काही, जे त्यांनी त्या बंद दारामागे सांगितले आणि जे मला ठाऊक नाही. हे शेवटचे वाक्य लिहू की नको असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “लिहा. तेच तर खरं आहे.”

अहवाल घेण्यास आम्ही दोघेच गेलो. मुलाला बरोबर घेतले नाही. एचआयव्ही आणि उपदंश दोघांतही नाही. सौभाग्यवतींच्या रक्तात काविळीचा विषाणू नव्हता, परंतु तो कधीकाळी येऊन गेल्याच्या खुणा होत्या. त्यांच्या शरीराने त्याला परतवून लावले होते आणि आता त्यांना त्यापासून अभय होते. माझ्या शरीराला ते साधले नव्हते. तो माझ्यात निवांत राहत होता. यकृताची सोनोग्राफी चांगली आली. सहा सहा महिन्यांनी तपासावे, एवढेच पथ्य. मुलाने आणि सूनबाईंनी आपली तपासणी करून लस घ्यावी.

मी धन्वंतरीला मनोमन वंदन केले. त्यांचे शरीर सुखरूप होते. तेथेच उठावयास हवे होते. परंतु मी खुर्चीतून किंचित पुढे झुकलो आणि दवाखान्यातील डॉक्टरांना विचारले, “म्हणजे कोणाकडून कोणाकडे गेले, हे यावरून निश्चित करता येते का?”

“नाही. ते रक्त सांगत नाही.”

“काही सूक्ष्म परीक्षा? पुण्यात? मुंबईत?”

डॉक्टर काही बोलणार तोच सौभाग्यवतींनी माझ्याकडे वळून पाहिले. लग्नानंतर त्यांनी मला चारचौघांत कधी असे विचारलेले नव्हते.

“अहो, तुम्हाला उत्तर पाहिजे का मी पाहिजे?”

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहण्यास प्रारंभ केला. आयुष्यभर ज्या शास्त्राचा अभ्यास केला त्यात संशय हा दोष मानलेला नाही. तेथे तो विचाराचा आरंभ आहे, आणि निर्णय हा शेवट. निर्णयावाचून उठणे मला शिकविलेले नव्हते. मी म्हणालो, “तू.” त्यांनी पिशवी उचलली आणि आम्ही उठलो.

माझी शस्त्रक्रिया त्यानंतर झाली. त्या दिवसाच्या सर्व रुग्णांच्या शेवटी मला घेतले. उपकरणे नंतर निराळी शुद्ध करावी लागतात म्हणून. पूर्वीचा मी असतो तर त्यातही अपमान शोधला असता. आता मी तेथे बसून विचार केला की पाठशाळेत कोणीतरी एकाला असे शेवटी बसविले असते, आणि वस्तरा उकळला असता, तर बरे झाले असते.

संशय गेला आहे असे मी म्हणणार नाही. तो येतो. त्या कधी दुपारी खिडकीशी बसून दूर पाहत असल्या की मला ते बंद दार आठवते. मलाही त्या कधी न्याहाळतात, हे मला कळते. मग त्या “घ्या” म्हणून चहा पुढे करतात आणि मी घेतो.

हे वाचणाऱ्यांना या वृद्धाची विनंती इतकीच की दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका, आणि कोणी तपासा म्हटले म्हणून त्याने आपल्यावर आळ घेतला असे मानू नका. विवाहापूर्वी, गर्भारपणात, शस्त्रक्रियेपूर्वी दोघांनी मिळून जावे, उत्तर दोघांनी मिळून ऐकावे, आणि जेथे उत्तर नाही तेथे एकमेकांचा हात सोडू नये. धन्वंतरी आपल्या घरातील प्रत्येकाचे रक्त निर्मळ राखो. ज्याचे नसेल त्याला वेळीच औषध आणि घरच्यांची माया मिळो. आपल्या उंबरठ्याआड कोणीही आपल्या माणसाकडे परक्याच्या दृष्टीने पाहू नये, लेकीसुनांच्या उदरातील बाळे सुखरूप उपजोत, आणि आपल्या घरातील दिवा दोघांच्या हातांनी लागो. इति शुभं भवतु.